पांढरी चिठ्ठी

१९८५ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. विधानसभेची निवडणूक होती आणि आम्हां शिक्षकांना नेहमीप्रमाणे मतदानाच्या कामाचे हुकूम आले होते. माझ्या वाट्याला घाटाखालचे एक लहानसे गाव आले. कौलारू शाळेच्या दोन खोल्या, पुढे व्हरांडा, आवारात एक चिंच. मी केंद्राध्यक्ष. पहिले दहा-पंधरा मतदार येऊन गेले असतील नसतील, तोच माझ्या ध्यानात आले की कित्येकांच्या हातांतल्या चिठ्ठ्यांवर, यादीतल्या अनुक्रमांकाशेजारी, एका पक्षाचे चिन्ह छापलेले आहे. अशा चिठ्ठ्या साध्या पांढऱ्या कागदाच्या असाव्यात. त्यांवर चिन्ह नको, उमेदवाराचे नाव नको, पक्षाचेही नको, असा नियम. मी बाहेर निरोप धाडला. थोड्या वेळाने त्या पक्षाचे गावातले पुढारी, सत्तरीला आलेले एक गृहस्थ, काठी टेकीत फाटकापाशी आले.

"गुरुजी, ह्ये कुठल्या कायद्यात लिवलंय?"

आता आली का पंचाईत! मला खोटे बोलवेना. म्हटले, "कायद्यात नाही, अण्णा. पण तुमच्या पक्षानं हे कबूल केलेलं आहे."

"कवा?"

"दिल्लीत. सगळ्याच पक्षांनी केलंय."

"कबूल करणार त्ये दिल्लीत, आन् निस्तरायचं आमी," असे पुटपुटत अण्णा वळले. पण वाद त्यांनी घातला नाही. शिंप्याच्या घरून कात्री आली आणि दोन पोरे चिंचेखाली बसून चिठ्ठ्यांचे कोपरे कातरू लागली. दुपारपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक झाले, की कोपरा कापलेली चिठ्ठी म्हणजे कोणाची! नियम पाळला गेला की मोडला गेला, हे मला इतक्या वर्षांनंतरही ठरवता आलेले नाही.

अण्णांचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. मी इतिहासाचा मास्तर. तहांची कलमे मुलांकडून पाठ करवून घेण्यात माझा जन्म गेला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, हे झोपेतही सांगणारी मुले मी तयार केली. पण ज्या तहाची अंमलबजावणी करायला मला दर निवडणुकीला पाठवीत, तो कोणी, कधी, कशासाठी केला, याचा मला पत्ता नव्हता. लढाई संपल्यावर केलेले तह आपल्याला माहीत असतात; हा लढाईच्या आधी, लढणाऱ्यांनीच आपसांत केलेला. ज्याला आज आपण आदर्श आचारसंहिता म्हणतो, तिचा उगम शोधीत मी निघालो तो थेट केरळात जाऊन पोहोचलो.

केरळच का, हे कळायला १९५७ सालापासून सुरुवात केली पाहिजे. त्या वर्षी निवडणुकीच्या मार्गाने ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचे कम्युनिस्ट मंत्रिमंडळ तेथे अधिकारावर आले. शिक्षणसंस्थांवर नियंत्रण आणणारे विधेयक आणि कुळांना जमिनीचे हक्क देऊ पाहणारे विधेयक, ही दोन त्यांनी हाती घेतली, आणि राज्य उभे चिरले गेले. एका बाजूला सरकार व त्याचे पाठीराखे. दुसऱ्या बाजूला काँग्रेस, प्रजासमाजवादी, मुस्लिम लीग, ख्रिस्ती चर्च आणि मन्नत पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी. १९५९ च्या जूनमध्ये 'विमोचन समर' या नावाने आंदोलन पेटले. रोज मोर्चे, रोज निदर्शने. अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. अखेर ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते मंत्रिमंडळ बरखास्त केले आणि राष्ट्रपतींची राजवट आली. ते योग्य झाले की अयोग्य, यावर आजही दोन पक्ष आहेत. त्यात आपण शिरायला नको.

पण विचार करा, अशा राज्यात सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची. काल ज्यांनी एकमेकांवर दगड फेकले, त्यांनी आज त्याच रस्त्यांवरून मिरवणुका काढायच्या. दोन मिरवणुका एका नाक्यावर समोरासमोर आल्या तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. १९५७ ची संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन भरातली निवडणूक ज्यांनी पाहिली, अशी माणसे आमच्या घरात होती. घोषणांनी घसे आणि मने किती तापतात, हे त्यांच्या तोंडून मी पुष्कळ ऐकले आहे. केरळच्या प्रशासनाने तेव्हा एक साधी गोष्ट केली. राजकीय पक्षांसाठी एक आचारसंहिता सिद्ध केली. तिच्यात लोकशाहीची थोर तत्त्वे नव्हती. सभा कशा घ्याव्या, मिरवणुका कशा काढाव्या, भाषणे, घोषणा, भित्तिपत्रके, फलक यांत काय करावे आणि काय करू नये, एवढेच. एखाद्या शहाण्या वडीलधाऱ्याने भांडकुदळ भावांना वाटणीच्या आधी चार गोष्टी बजावाव्या, तशातलाच हा प्रकार.

१ फेब्रुवारी १९६० रोजी एकाच दिवसात सगळ्या राज्याचे मतदान झाले. शेकडा ८० हून अधिक मतदार घराबाहेर पडले. कम्युनिस्टांच्या मतांचे प्रमाण पूर्वीच्या ३५ टक्क्यांवरून ३९ वर गेले, आणि तरीही त्यांच्या जागा ६० वरून २९ वर आल्या, कारण या वेळी विरोधक एक होऊन लढले होते. हरणाऱ्यांना असा निकाल किती झोंबतो, हे सांगायला नको. पण त्यांनी तो मानला आणि विधानसभेत जाऊन विरोधी बाकांवर बसले.

निवडणूक आयोगाने हा नमुना उचलला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी आयोगाने ती संहिता सर्व मान्यताप्राप्त पक्षांकडे धाडली आणि पक्षांची संमती मिळवा, असे राज्य सरकारांना सुचवले. के. व्ही. के. सुंदरम् तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. पुढे १९६८ च्या सप्टेंबरात, मध्यावधी निवडणुकांच्या तोंडावर, आयोगाने ती 'किमान आचारसंहिता' म्हणून पुन्हा सर्व पक्षांपुढे ठेवली. हा 'किमान' शब्द मला फार आवडतो. आदर्श हा त्याचा पुढचा अवतार.

आज या संहितेची कलमे वाचताना इतिहासाच्या मास्तराला मोठी मौज वाटते. प्रत्येक कलमामागे कुठे तरी घडलेली एकेक मारामारी दडलेली असावी. दोन पक्षांच्या मिरवणुका एकाच वाटेने जाणार असतील, तर आयोजकांनी आधी भेटून त्या एकमेकींवर आदळणार नाहीत अशी व्यवस्था करावी. मिरवणुकीत विरोधकाचा पुतळा नेऊ नये, जाहीरपणे जाळू नये. एका पक्षाची भित्तिपत्रके दुसऱ्याने फाडू नयेत. कोणाच्या भिंतीवर, कुंपणावर त्याच्या परवानगीवाचून काही लिहू वा चिकटवू नये. देऊळ, मशीद, चर्च यांचा प्रचारासाठी वापर नको. जातीच्या नावाने मत मागणे नको. विरोधकावर टीका करावी ती त्याच्या धोरणांवर, कार्यक्रमावर आणि मागच्या कामावर. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या त्याच्या खाजगी आयुष्यावर नव्हे. आणि हो, चिठ्ठी पांढरी.

यांतल्या काही गोष्टी कायद्यातही आहेत. १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा लाच, धमकी, धर्म-जातीच्या नावाने मतांची मागणी हे भ्रष्ट मार्ग ठरवतो. पण तो खटला निवडणुकीनंतरचा. त्याला किती काळ लागतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रायबरेलीचे. निवडणूक १९७१ ची, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल १२ जून १९७५ चा. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी रद्द ठरवली, ती कशावरून? सभांची व्यासपीठे सरकारी अधिकाऱ्यांनी उभारून दिली, ध्वनिक्षेपकांना वीज पुरवली, आणि एक अधिकारी सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराला जुंपला, एवढ्यावरून. पुढे नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मधल्या काळात देशात काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. मला नेहमी वाटते, की १९७९ साली संहितेत 'सत्ताधारी पक्ष' हे नवे प्रकरण आले, त्यामागे या व्यासपीठांची आठवण असली पाहिजे. मंत्र्याने सरकारी दौरा आणि प्रचार यांची सरमिसळ करू नये, सरकारी वाहने व माणसे प्रचाराला वापरू नयेत, मैदाने व विश्रामगृहे आपल्याच मालकीची असल्यासारखी अडवून ठेवू नयेत, निवडणूक जाहीर झाल्यावर नव्या योजनांचे नारळ फोडू नयेत. पूर्वीची संहिता दोन भांडणाऱ्यांना सारखीच लागू होती. आता तिने ओळखले की भांडणाऱ्यांपैकी एकाच्या हाती घराच्या किल्ल्या असतात.

एवढे होऊनही १९९० पर्यंत ही कलमे बहुतेक कागदावरच होती. मग टी. एन. शेषन आले. त्यांनी नवा कायदा केला नाही, तसा अधिकारही त्यांना नव्हता. जे कबूल केले आहे ते करा, एवढेच ते म्हणाले. पण असे म्हणाले, की मंत्र्यांच्या बंगल्यांतले दूरध्वनी थरथरावे. १९९३ सालचे सतन्याचे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. हिमाचल प्रदेशचे राज्यपाल मध्य प्रदेशात आपल्या मुलाच्या प्रचारात दिसल्याची तक्रार झाली. आयोगाने तेथील मतदान पुढे ढकलले आणि राज्यपालांना पद सोडावे लागले. कोणत्या कलमाखाली? अण्णांनी विचारले असते, तर मला पुन्हा तेच उत्तर द्यावे लागले असते. पुढे १९९४ साली, संहिता न पाळणाऱ्या पक्षाची मान्यता स्थगित करण्याचा वा काढून घेण्याचा अधिकार चिन्हांच्या आदेशात घालण्यात आला.

मग ही संहिता सरळ कायद्यातच का घालू नये? १९९० साली गोस्वामी समितीने तिच्या काही कलमांबाबत तसे सुचवले. २०१३ साली संसदेच्या एका समितीनेही संहिता कायद्यात घ्यावी अशी शिफारस केली. आयोगाला ते पटले नाही. निवडणूक साधारण ४५ दिवसांत संपते, आणि न्यायालयाचे काम त्या मुदतीत संपत नाही, असे आयोगाचे म्हणणे. रायबरेली आठवली की हे मला पटते. पण दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. ताकीद मिळते तोवर भाषण गावोगाव पोहोचलेले असते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने काही बड्या नेत्यांवर ४८ ते ७२ तासांची प्रचारबंदी घातली. तीन दिवसांनी ते पुन्हा व्यासपीठावर होते. वचनभंग करणाऱ्याला लाज वाटते, या गृहीतकावर ही सारी इमारत उभी आहे, आणि हे गृहीतक दर निवडणुकीला थोडे थोडे झिजते, असे माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वाटत राहते.

सगळ्या कलमांत एक कलम मी फिरून फिरून वाचतो. एखाद्याची मते किंवा कृत्ये कितीही नापसंत असली, तरी त्याच्या शांत, निर्वेध घरगुती जीवनाच्या हक्काचा मान राखावा; निषेध म्हणून कोणत्याही परिस्थितीत त्याच्या घरापुढे निदर्शने करू नयेत, असे ते कलम सांगते.

१९६२ च्या निवडणुकीत मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या समोरच्या घरात एक वकील राहत. ते उमेदवार होते. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत एका रात्री विरोधकांची मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली आणि वकिलांच्या दारापुढे थांबली. पलित्यांच्या उजेडात बांबूवर बसवलेला काळा डगला आणि वर मडक्याचे डोके दिसत होते. त्या घोषणांत धोरण, कार्यक्रम काही नव्हते. वकिलांच्या बायकोचे नाव होते. आईने खिडक्या लावून घेतल्या. मग ती मागच्या बोळातून गेली आणि त्यांची दोन्ही मुले घेऊन आली. धाकटी माझ्या वर्गात होती. स्वयंपाकघरात चुलीपाशी आम्ही चौघे बसलो. आईने तिघांना गूळ-शेंगदाणे दिले, तिने मात्र हात पुढे केला नाही. बाहेर मडके फुटल्याचा आवाज आला, तेव्हा तिने दोन्ही कान झाकून घेतले.

निवडणूक झाली. पाडव्याला, त्या मिरवणुकीच्या पुढे असलेले गृहस्थ वकिलांच्या ओट्यावर येऊन बसले. दोघांनी चहा घेतला, हसले, जुन्या गोष्टी निघाल्या. मी आमच्या दारातून पाहत होतो. मुलांना बाहेर या म्हणून वकिलांनी दोनदा हाक मारली. थोरला आला. ती आली नाही.