आमच्या रस्त्यावरची हरवलेली हद्द

उमापूरहून शेवगावच्या बाजूला निघालं की थोड्याच वेळात जिल्हा बदलतो. बीड संपतो, अहिल्यानगर लागतो. बातमीच्या निमित्ताने हा रस्ता मी शेकडो वेळा केलाय. १९४७ साली मात्र ही साधी जिल्ह्याची शीव नव्हती. दोन राज्यांची हद्द होती.

पलीकडे इंग्रजी मुलूख, अलीकडे मोगलाई. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली. माल न्यायचा तर करोडगिरी भरायची. १५ ऑगस्ट १९४७ ला शेवगावात तिरंगा लावणं हा सण होता, गेवराईत तोच तिरंगा लावणं हा गुन्हा!

निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील व्हायला नकार दिला होता. त्यावर हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला 'भारतात सामील व्हा' दिन पाळला. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांनी बंदी मोडून खुद्द हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि ते तुरुंगात गेले. हे स्वामीजी आपल्या जिल्ह्याला परके नाहीत. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी पोरं शिकवली, घडवली.

मग मराठवाडाभर हेच लोण पसरलं. कुणी झेंडा लावून अटक करून घेतली, कुणी शिंदीची झाडं तोडली, कुणी हद्दीपलीकडच्या कॅम्पात जाऊन करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. झेंडा लावायला पाच मिनिटं लागतात. पण त्यानंतर रझाकार घरी येणार, हे माहीत असताना लावलेला झेंडा वेगळा असतो.

हे तेरा महिने चाललं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

आता मुद्द्याचं. तालुक्याच्या गावी हुतात्मा स्मारकं आहेत, १७ सप्टेंबरला तिथे हार पडतात. पण ज्या रस्त्यावर ही हद्द होती, तिथे 'इथे मोगलाई संपत होती' असं सांगणारा साधा दगडही मला आजवर दिसलेला नाही. शाळेतली पोरं विचारतात, आपले झेंडे दोनदा का? १५ ऑगस्टलाही आणि १७ सप्टेंबरलाही? उत्तर या रस्त्यावरच आहे, पण लिहिलेलं नाही.

आणि लिहायचं तर पूर्ण लिहा. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा म्हणून लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना मारलं. माझ्यासारख्या पत्रकाराला हे नाव विसरता येत नाही. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुस्लिमांचेही बळी गेले, सुंदरलाल समितीने ते नोंदवलं. म्हणजे ही लढाई धर्माची नव्हती, जुलमी राजवटीविरुद्धची होती. फलकावर हे नीट आलं नाही तर फलक नसलेलाच बरा.

तेव्हा दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. दरवर्षी एकेक घर गप्प होतंय. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा. झेंडा कुठे लागला, कुणी लावला, पुढे काय झालं, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. फलकाचा ठराव ग्रामसभेत नंतरही करता येईल. पण त्यावर काय लिहायचं, हे सांगणारी माणसं नंतर नसतील.