धाव, स्टेपनी आणि अलॉय : वाकलेल्या चाकाचा इतिहास

१/
पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणजवळ गाडी खड्ड्यात आदळली, की चालक आधी टायर पाहतो. टायर बहुधा शाबूत असतो. पोचा आलेला असतो रिमच्या काठाला. तो ठोकून काढावा की चाकच बदलावे? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. #थ्रेड

२/
चाकण म्हटले की १६६० चा वेढा, संग्रामदुर्ग आणि फिरंगोजी नरसाळा आठवतात. याच मुलखातली बैलगाडी मात्र कोणाला आठवत नाही. तिच्या चाकाच्या मध्यभागी तुंबा, त्यात आरे, भोवती लाकडी कडे आणि त्यावर लोखंडी धाव. लाकूडकाम सुताराचे, धाव लोहाराची. लोहार धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवी, आगीत तापवून चाकावर बसवी आणि लगेच पाणी ओती. निवताना ती आकसे व सारे सांधे आवळून धरी. सैल झाली किंवा वाकली, तर उतरवून पुन्हा आगीत.

३/
लोहाराजवळ तापमापक नव्हता. त्याला गरज नव्हती. लोखंड तापते तसे लाल, केशरी, पिवळे होते. रंग पाहून घाव घालायचा. हे ज्ञान पुढे गॅरेजांतही उतरले.

४/
थोडे विषयांतर. ‘स्टेपनी’ हा शब्द कोठून आला? वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आरे नसलेली, टायर चढवलेली एक रिम काढली. ती पंक्चर चाकावर अडकवायची. ब्रिटनमध्ये हा शब्द विस्मरणात गेला, आपल्याकडे रुजला.

५/
पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. त्याच दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभे राहिले. १९७२ पासूनच्या ‘चेतक’चे चाक म्हणजे पोलादी पत्र्याचे दोन भाग बोल्टने जोडलेले. एक भाग वाकला तर ठोकायचा, नाही तर तेवढाच बदलायचा. सामान्य माणसाच्या खिशाचा इतका विचार करणारे चाक पुन्हा क्वचितच झाले.

६/
पुण्यातच घडलेली ‘इंडिका’ १९९८ च्या अखेरीस आली. तोवर बहुतेक मोटारींची रिम पोलादी आणि टायरमध्ये ट्यूब. काठ थोडा वाकला तरी हवा ट्यूबमध्ये सुरक्षित. ट्यूबलेस टायर रूढ झाले आणि हिशेब बदलला. आता हवा धरून ठेवतो तो टायर आणि रिमचा काठ यांमधला सांधा. तेथे पोचा आला, की हवा हळूहळू निसटते.

७/
त्यात अलॉय चाके आली. खरा पेच इथे आहे. पोलाद वाकते, पण सहज तुटत नाही. ओतीव ॲल्युमिनियम त्या मानाने कमी लवचीक; आघाताने त्याला तडा जाऊ शकतो. त्याची ताकद केवळ धातूत नसते. ओतल्यानंतर चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवतात, पाण्यात झटकन निववतात आणि मग मंद उष्णतेत ठेवतात. ताकद या संस्कारातून येते.

८/
म्हणून अलॉय रिम ज्योतीने तापवून ठोकणे घातक. वितळेपर्यंत ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल दिसत नाही. लोहाराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा डोळा इथे फसतो. धातू मऊ पडलेला असतो, चाक मात्र गोल, रंगवलेले, नव्यासारखे दिसते. यात कारागिराचे कौशल्य कमी पडत नाही. ते वेगळ्याच धातूसाठी घडलेले असते.

९/
मग करावे काय? टायर उतरवून रिम आतून-बाहेरून तपासावी. पोचा पुष्कळदा आतल्या काठाला असतो आणि बाहेरून दिसत नाही. बॅलन्सिंग यंत्रावर फिरवून ‘आउट’ किती ते पाहावे. पोलादी रिमचा काठ थोडा वाकला असेल तर तो सरळ करता येतो. अलॉयच्या काठाचा किरकोळ पोचा काही ठिकाणी हायड्रॉलिक दाबाने काढतात; मात्र अनेक उत्पादक चाक बदलायलाच सांगतात. आऱ्याला तडा असेल तर वेल्डिंग करून घेऊ नये. तोवर स्टेपनी आहेच. ती आकाराने लहान असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी.