सांबा सर्व्हर : जुन्या मॅन्युअलमधली एक ओळ किती महागात पडू शकते?

समजा, साताऱ्यात पोवई नाक्यावर एक सीए ऑफिस आहे. आठ-दहा कॉम्प्युटर, एक जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन आणि कोपऱ्यात लिनक्सवर चालणारा सर्व्हर. सगळ्या क्लायंटच्या फाईल्स त्याच्यावरच.

एक दिवस सर्व्हर अपडेट होतो आणि स्कॅन केलेली पानं फोल्डरमध्ये जायची बंद होतात. रिटर्नची तारीख तोंडावर आलेली. कॉम्प्युटरवाला येतो, नेटवर शोधतो, कधीकाळचा एक लेख सापडतो. त्यातली एक ओळ तो सेटिंगच्या फाईलमध्ये चिकटवतो. स्कॅनर सुरू! सगळे खूश.

पण त्या एका ओळीने मुद्दाम बंद केलेला दरवाजा परत उघडलेला असतो.

सांबा म्हणजे काय?

विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांशी फाईल शेअर करताना 'एसएमबी' नावाची भाषा वापरतात. लिनक्स सर्व्हरला हीच भाषा बोलता यावी म्हणून असलेलं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं काम सुरू केलं. एस, एम आणि बी ही अक्षरं असलेला शब्द डिक्शनरीत शोधला, त्यातून हे नाव मिळालं.

दरवाजा बंद का केला?

एसएमबीची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या या जुन्या आवृत्तीच्या त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट दिलं. अनेकांनी ते टाकलंच नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय व्हायरस याच वाटेने जगभर पसरला. २७ जूनला नॉटपेट्या आला, त्यानेही ही वाट वापरली. त्याच्या फटक्याने मर्स्क कंपनीचं कामकाज कोलमडलं आणि न्हावा शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम थांबलं. सांगलीची द्राक्षं परदेशी जातात ती याच बंदरातून.

ती त्रुटी विंडोजमधली होती, सांबातली नाही. पण पहिल्या आवृत्तीचं दुखणं तेवढंच नाही. तिच्यात आजच्यासारखं एन्क्रिप्शन नाही. त्यामुळे नेटवर्कमध्ये शिरलेल्या माणसाला जाणाऱ्या फाईल्स वाचता येऊ शकतात. म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या सांबा ४.११ पासून ही आवृत्ती आपोआप बंद असते. ऑफिसमधला स्कॅनर अडला तो इथेच.

जुन्या माहितीत चुकतं काय?

लिहिली तेव्हा ती बहुतेक बरोबरच होती. सॉफ्टवेअर पुढे गेलं, पान तिथेच राहिलं. दोन नेहमीची उदाहरणं :

- 'सिक्युरिटी = शेअर' : फोल्डर सगळ्यांना उघडं करायची ही जुनी युक्ती. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या सांबा ४.० मध्ये ती काढून टाकली.
- 'सॉकेट ऑप्शन्स' : स्पीड वाढवायला यात बफरचे आकडे लिहा, असं जुने लेख सांगतात. आताचं मॅन्युअल उलट सांगतं. लिनक्स बफर स्वतःच जुळवून घेतं, आकडे लिहिले की ती सोय बंद पडते.

सांबा ३ च्या काळातली जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं आजही नेटवर सहज मिळतात. नवख्या माणसाला ती अधिकृत वाटतात आणि पानावर आवृत्ती बघायची असते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग अपडेट कोण करतं?

सांबाचं मुख्य मॅन्युअल सोर्स कोडसोबतच ठेवलेलं असतं. एखादं सेटिंग बदललं की त्याचं पानही बदलणं अपेक्षित असतं. दुरुस्ती कुणीही सुचवू शकतं, टीमचे लोक ती तपासून घेतात. यासाठी प्रोग्रामिंगमध्ये तरबेज असायची गरज नाही. दिलेली पायरी आजच्या आवृत्तीवर करून बघणं आणि काय चुकलं ते नीट लिहिणं, एवढं पुरतं. सांगलीच्या वालचंद कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. अशा मुलांसाठी ओपन सोर्समधलं पहिलं काम म्हणून कागदपत्रांची दुरुस्ती ही चांगली सुरुवात आहे.

तुमच्या ऑफिसात काय बघाल?

१. सर्व्हरवर सांबाची कोणती आवृत्ती आहे ते विचारा. लेख कोणत्या आवृत्तीसाठी आहे तेही बघा.

२. नेटवरच्या लेखाआधी सर्व्हरमध्येच असलेलं मॅन्युअल उघडा. ते सहसा तुमच्याच आवृत्तीचं असतं.

३. सेटिंग बदलल्यावर 'टेस्टपार्म' ही कमांड चालवा. अनोळखी सेटिंग असेल तर ती सांगते.

४. 'मिन प्रोटोकॉल = एनटी१' अशी ओळ दिसली, तर ती कुणी आणि कशासाठी टाकली ते विचारा.

आणि तो स्कॅनर? आधी त्याच्या कंपनीचं नवं फर्मवेअर आहे का ते बघायचं. नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यायचं. दोन मिनिटं जास्त लागतील, पण क्लायंटचे कागद उघड्यावर पडणार नाहीत.