पांढरी, जुना नकाशा आणि जमिनीतली नाणी

आज आपण अकोले तालुक्याबद्दल बोलणार आहोत. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं अकोले. विदर्भातल्या अकोल्याशी गल्लत नको. जुना नकाशा बघून मेटल डिटेक्टर नेमका कुठे फिरवावा, हे कुतूहल बऱ्याच जणांना असतं. यातली नकाशा वाचण्याची बाजू आपण मोकळेपणाने समजून घेऊ. डिटेक्टर फिरवण्याबद्दल मात्र आपलं मत वेगळं आहे. ते का, तेही बघू.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांत, म्हणजे एक इंचाला एक मैल या मापाच्या, नांदत्या गावाची आणि उजाड गावाची खूण वेगवेगळी असते. उजाड गावाची खूण दिसली की पाणी कुठे होतं आणि वाट कुठून जायची, ते शोधायचं. मग गावात जाऊन शेतांची नावं विचारायची. आपल्या भाषेत पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून जमीन फिकट होते. नकाशावर उजाड गाव, लोकांच्या तोंडी ‘पांढरीचं शेत’ आणि नांगरटीत खापरं, या तिन्ही गोष्टी जुळल्या की तिथे जुनी वस्ती होती असं बरंच खात्रीने म्हणता येतं.

वाटांचंही तसंच. खिरेश्वरहून चढून तोलार खिंडीतून कोथळ्याकडे उतरणारी वाट घ्या. आढळेकाठचं टाहाकारीचं देऊळ, रतनवाडीचा अमृतेश्वर, अकोल्याचा सिद्धेश्वर हे जुन्या नकाशावर वाटांच्या संगतीने बघा. एवढं कोरीव दगडकाम उभं राहिलं, म्हणजे ते पोसणारी वस्ती आणि येणंजाणं आसपास असणारच. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. आजच्या नकाशात तिथे निळा रंग आहे. धरणाआधीच्या नकाशात त्याच जागी प्रवरेचं पात्र आहे, तिच्या काठचं खोरं आहे. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की काय बुडालं ते कळतं.

म्हणजे नकाशाने जागा दाखवली. आता तिथे डिटेक्टर फिरवला तर काय होईल? साधं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत ओळखतं. नाणं वर येतं, खिशात जातं, पुढे विकलंही जातं. आणि ते कशाशेजारी, कुठल्या थरात होतं, हे कायमचं पुसलं जातं.

याची किंमत काय, ते आपल्या शेजारीच दिसतं. सिन्नरजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मात केली, याचा हा मोठा पुरावा. तो ठेवा एकत्र मोजला गेला म्हणून हे प्रमाण कळलं. एकेक नाणं बाजारात गेलं असतं, तर नाणी उरली असती पण प्रमाण गेलं असतं.

आता प्रवरेच्याच काठाने खाली दायमाबादला या. १९७४ साली एका शेतकऱ्याला तिथे काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. चारही मिळून वजन साठ किलोंहून जास्त. पुढे तिथे मोठं उत्खनन झालं. पण या वस्तू उत्खननात, थर नोंदवत निघालेल्या नव्हत्या. त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, असं साळी यांचं मत. धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण बघून डी. पी. अग्रवाल यांनी त्यावर शंका घेतली. वस्तू हातात आहेत, तरी वाद आहे. शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही. वस्तू जागेवरून हलली की असं होतं, एवढंच.

इंग्लंडमध्ये डिटेक्टरवाले सापडलेली वस्तू नोंदवतात, त्यासाठी १९९७ पासून स्वतंत्र योजना आहे. आपल्याकडे १८७८ चा गुप्तधन कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे सापडलं आणि कधी सापडलं. बघा, दीडशे वर्षं जुना कायदासुद्धा ‘कुठे’ हे विचारतो! लपवलं तर शिक्षा आहे. पण सगळं सरकारजमा होतं, ही भीतीही पूर्ण खरी नाही. ठेवा बेवारस ठरला आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि मालकाला एक हिस्सा, अशी तरतूद त्यात आहे. सरकारने ठेवा घेतला, तरी त्याचा मोबदला द्यावा लागतो. हे गावात माहीत नसतं, म्हणून नाणी सोनाराकडे जाऊन वितळतात. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर परवानगीशिवाय खणताच येत नाही.

मग आपण काय करायचं? जुना नकाशा जरूर मिळवा. पांढरी शोधा, गट नंबर लिहून ठेवा. खापरांचे फोटो जागेवरच काढा आणि खापरं तिथेच ठेवा. धरणात गाव गेलेल्या घरांतल्या आजी-आजोबांकडून शेतांची, वाटांची नावं लिहून घ्या. ती नावं कुठल्याच यंत्राला सापडणार नाहीत, आणि ती सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. नांगरताना नाणं निघालंच, तर जागा तशीच ठेवा आणि तहसील कार्यालयात कळवा.

आता प्रश्न घेऊ.