राजधानीची स्मृतिस्थळे : माटुंग्याहून एका दिवसाची फेरी

मुंबई, प्रतिनिधी

दिल्लीला गेलेला मुंबईकर राजघाट आणि इंडिया गेट आवर्जून पाहतो. मात्र स्वतःच्या राज्याच्या राजधानीत हुतात्मा चौकातून जाताना त्याची नजर बहुधा सिग्नलवर असते. शहरातील प्रमुख स्मृतिस्थळे रेल्वेमार्गालगत असल्याने माटुंग्याहून सकाळी निघाल्यास ती एका दिवसात पाहता येतात.

राजगृह आणि चैत्यभूमी : माटुंग्याला लागून असलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'राजगृह' आहे. आपल्या विशाल ग्रंथसंग्रहाला जागा व्हावी म्हणून त्यांनी १९३० च्या दशकात ही वास्तू बांधून घेतली. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांच्यावर दादर चौपाटीलगत अंत्यसंस्कार झाले. तेथील स्तूप म्हणजेच चैत्यभूमी. दरवर्षी ६ डिसेंबरला येथे लाखो अनुयायी अभिवादनासाठी येतात. शांतपणे दर्शन घ्यायचे असल्यास अन्य दिवस निवडावा. हे श्रद्धास्थान असल्याचे भान प्रत्येक अभ्यागताने ठेवावे.

मणिभवन आणि ऑगस्ट क्रांती मैदान : दादरहून पश्चिम रेल्वेच्या धिम्या लोकलने ग्रँट रोडला उतरावे. गावदेवीतील मणिभवनात १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचा मुंबईतील मुक्काम असे. आता तेथे संग्रहालय व ग्रंथालय आहे. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर गवालिया टँक मैदान लागते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी येथील काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनात 'छोडो भारत' ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी प्रमुख नेते अटकेत असताना अरुणा असफ अली यांनी याच मैदानावर तिरंगा फडकावला.

गिरगाव चौपाटी : १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांच्यावर चौपाटीच्या वाळूत अंत्यसंस्कार झाले. त्या ठिकाणी त्यांचा पुतळा आहे.

हुतात्मा चौक : चर्नी रोडहून चर्चगेट गाठून चालत येथे पोहोचता येते. मेट्रो-३ चे हुतात्मा चौक स्थानकही २०२५ मध्ये सुरू झाले. १८६४ च्या फ्लोरा फाउंटनशेजारी मशालधारी शेतकरी व कामगाराचे शिल्प उभे आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात निदर्शकांवर गोळीबार झाला. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा जानेवारी १९५६ मध्ये होताच आंदोलन पेटले आणि पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी बलिदान देणाऱ्यांची संख्या १०५, १०६ वा १०७ अशी सांगितली जाते. आकडा कोणताही धरला तरी १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली ती या बलिदानानंतर.

गेटवे ऑफ इंडिया : फेरीचा शेवट अपोलो बंदरावर करावा. पंचम जॉर्ज यांच्या १९११ मधील आगमनाच्या स्मरणार्थ जॉर्ज विटेट यांनी आरेखित केलेली ही कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी येथूनच मायदेशी रवाना झाली. समोरच १९६१ मध्ये उभारलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे.

मणिभवन व राजगृह येथील भेटीच्या वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. मुलांना सोबत नेल्यास हुतात्मा चौकात थोडे अधिक थांबावे. 'मुंबई आपली कशी झाली', या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते.