गुलाबी मनोरा आणि उतरंड

हल्ली खेळण्याच्या खोक्यावर 'माँटेसरी' एवढं छापलं की किंमत आपोआप वाढते. आमच्या ऑफिसात नुकतेच आईबाप झालेले पाचसहा जण आहेत, त्यातला मी एक. जेवणाच्या सुट्टीत गप्पा सर्व्हरवरून घसरतात त्या थेट लाकडी ठोकळ्यांवर. लेक दीड वर्षाची. तिच्यासाठी काय घ्यावं हे शोधता शोधता मी इतिहासातच शिरलो.

मारिया माँटेसरी ही मूळची डॉक्टर. तिनं 6 जानेवारी 1907 ला आपलं पहिलं बालगृह उघडलं ते रोमच्या सान लोरेन्झोत, म्हणजे गरीब मजुरांच्या वस्तीत. आईबाप कामावर, पोरं दिवसभर जिन्यात उंडारणारी. छान छान खेळणीही तिथे ठेवली होती, पण पोरं तिकडे फिरकेनात! हात धुणं, पुसणं, वस्तू जागच्या जागी लावणं, यातच ती रमायची. तिचा तो प्रसिद्ध गुलाबी मनोरा म्हणजे 10 लाकडी घन. सगळ्यात लहान 1 सेंटिमीटरचा, मोठा 10 चा. मोठा खाली, लहान वर. चुकलं तर पोराला स्वतःलाच दिसतं. (कम्पायलर एरर दाखवतो ना, तसं!)

आपल्याकडे हे आणणाऱ्यांत ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण मला थोर वाटतं ते त्यांचं पुढचं पाऊल. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, समुद्रकाठच्या खेड्यात. अनुताई वाघ सोबत. तिथे महागडं साहित्य कुठून आणणार? मग शंखशिंपले, खडे, पानं, बिया, माती यांचंच साहित्य झालं. पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांनी सुरू झाली, आणि हा शब्द देशभर गेला.

आमचं गाव दुसरबीड, सिंदखेडराजा तालुक्यातलं. तिथल्या जुन्या घरात आजीची उतरंड होती. मोठं मडकं तळाला, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. म्हणजे गुलाबी मनोराच की हो, फक्त मातीचा, आणि आत डाळी! मडक्यांना हात लावू देत नसत, पण डबे, वाट्या, झाकणं मिळायची. ठोकळ्यांची किंमत फोनवर सांगितली तेव्हा आजी म्हणाली, "काहून रे, घरात वाट्या नाहीत का?"

आहेत. पण फ्लॅटमध्ये स्वैपाकघराच्या खणांना आम्हीच लहान मुलांना उघडू नयेत अशा कड्या लावल्यात. घरातल्या कामापासून पोरीला लांब ठेवायचं आणि त्या कामाची लाकडी नक्कल विकत आणायची, असा हा उद्योग.

आता सगळ्यात खालचा खण तिचा. त्यात एकात एक बसणारे चार स्टीलचे डबे, पळी, लाकडी लाटणं. सात-आठ महिन्यांची असताना नुसती बडवाबडवी चालायची (शेजाऱ्यांनो, माफ करा), आता भरणं आणि उपडं करणं. बाबाचे मोजे जोडीनं लावायला घेते; जोडी क्वचित जुळते. कणकेचा गोळा दिला की वीस मिनिटं निवांत, त्यातला थोडा पोटात जातो हे गृहीत धरा. सगळ्यात लाडका खेळ पाण्याचा: परातीत बसायचं, तांब्यातून वाटीत, वाटीतून तांब्यात. तेवढा वेळ आपण शेजारी फरशीवर बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. दोन बोटं पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं, त्यामुळे खेळ संपला की परात लगेच रिकामी.

आणि चिंचोके, खडे, मणी तीन वर्षांपर्यंत अजिबात नकोत, घशात अडकतात. ताराबाईंच्या बालवाडीतली पोरं मोठी होती. चिंचोक्यांची बरणी सध्या वरच्या फळीवर आहे.