मेलेला जंतू काय शिकवतो?

१० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत प्लेगचे थैमान चालू असताना, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिच्यात उष्णतेने मारलेले प्लेगचे जंतू होते. मेलेले जंतू जिवंत जंतूंपासून रक्षण कसे करतात, याचे पूर्ण उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते.

पहिला धागा हाफकिन यांचे ओडेसातील गुरू इल्या मेचनिकोव्ह यांच्या हाती लागला होता. १८८२ मध्ये त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा रुतवला. दुसऱ्या दिवशी त्याभोवती भटक्या पेशी जमल्या होत्या. काही पेशी परक्या कणांना गिळून शरीराचे रक्षण करतात, हा सिद्धान्त त्यातून पुढे आला.

पण गिळणे ही केवळ सुरुवात असते. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोहन यांनी फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रायटिक पेशींचे वर्णन केले. या पेशी जंतूंचे अवशेष आत घेतात, विकरांनी प्रथिनांचे तुकडे करतात, ते एमएचसी रेणूंवर बसवून पृष्ठभागावर आणतात आणि लसीका ग्रंथीत टी पेशींना दाखवतात. ओळख पटलेल्या टी पेशींची संख्या वाढते. त्यांतील काही स्मृती जपत मागे उरतात. या ओळखीसाठी जंतू जिवंत असावा लागत नाही.

कारण उलगडण्याआधी उपाय सापडला, तरी तो पडताळावा लागतोच. म्हणूनच हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलना केली. त्या कैद्यांची संमती कितपत मोकळी होती, हा प्रश्नही आज आपण विचारायला हवा.